अबोल बालकाची परीक्षा



रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन मार्गांनी करावी, असे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या प्रारंभीच सांगून ठेवले आहे. डोळ्यांनी पाहावे, हातांनी चाचपावे आणि तोंडाने विचारावे. रोगी प्रौढ असला म्हणजे हे तिन्ही मार्ग मोकळे असतात. तो सहा महिन्यांचे तान्हे मूल असला म्हणजे तिसरा मार्ग बंद होतो. त्यातून ते मूल पलंगावरून पडून डोक्यावर आपटलेले असले, अथवा तापाने फणफणून गुंगीत गेलेले असले, तर त्याची शुद्ध कितपत आहे ही विचारूनच कळावयाची गोष्ट नेमकी विचारता येत नाही. मोठ्या माणसाला 'आज वार कोणता, आपण कोठे आहात' असे विचारून शुद्धीची पारख होते. तान्ह्याला वार चांगल्या प्रकृतीतही ठाऊक नसतो!

ही अडचण आजची नव्हे. काश्यपसंहिता हा बालवैद्यकाचा प्राचीन ग्रंथ. त्याची खंडित पोथी नेपाळात मिळाली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानात 'वेदनाध्याय' नावाचा एक छोटा अध्याय आहे. वृद्धजीवक हा शिष्य गुरूंना विचारतो की, ज्यांना बोलता येत नाही अशा बालकांच्या वेदना वैद्याने ओळखाव्यात तरी कशा? उत्तरादाखल काश्यपांनी एकेका दुखण्याची खूण दिली आहे. डोके दुखत असलेले मूल डोके वारंवार हलवते, डोळे मिटून घेते, रात्री झोपत नाही. कान दुखत असलेले मूल हातांनी कानाला स्पर्श करते. पोटात शूळ असलेले मूल स्तन टाकून देते, रडते, पोट ताठ धरते. ज्याने हे लिहिले त्याने पाळण्याशेजारी पुष्कळ रात्री घालविल्या असल्या पाहिजेत. आजच्या मातेलाही त्या खुणा ओळखीच्या वाटतील. मात्र त्या अध्यायाचा विषय वेदना हा आहे. मूल रडते आहे तोवर त्या खुणा उपयोगी पडतात. जे मूल रडेनासे झाले, त्याची शुद्ध कोणत्या पायरीवर आहे आणि तासापूर्वी कोणत्या पायरीवर होती, हे मोजण्याचे साधन निराळे हवे.

ते साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. त्यापूर्वीच्या रुग्णालयीन नोंदी 'गुंगीत', 'अर्धवट शुद्धीत', 'जड', 'बेशुद्ध' अशा शब्दांनी भरलेल्या असत. न्यायशास्त्राचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यालाही अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे लक्षणाचे दोष शिकविले जातात. हे सारे शब्द त्या दोन्ही दोषांनी ग्रासलेले होते. सायंकाळच्या वैद्याने ज्याला 'अर्धवट शुद्धीत' म्हटले त्यालाच रात्रीच्या वैद्याने 'बेशुद्ध' म्हटले, तर रोगी बिघडला की केवळ शब्द बदलला, हे सकाळी येणाऱ्याने कसे ठरवावे?

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे काम करणारे ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात या अडचणीवर तोडगा मांडला. त्यांनी शुद्धीचे वर्णन करणे सोडून दिले आणि तीन साध्या गोष्टी पाहावयास सांगितल्या. रोगी डोळे केव्हा उघडतो? तो काय बोलतो? हातपाय कसे हलवितो? डोळे आपणहून उघडत असतील तर चार गुण, हाकेने उघडत असतील तर तीन, वेदना दिल्यावर उघडत असतील तर दोन आणि मुळीच उघडत नसतील तर एक. बोलण्यास याच रीतीने एक ते पाच. हालचालीच्या आरंभी पाच पायऱ्या होत्या, पुढे त्या सहा झाल्या. सांगितलेले ऐकून हात उचलणारा सर्वांत वरच्या पायरीवर आणि काहीच हालचाल न करणारा सर्वांत खालच्या. तिन्हींची बेरीज जास्तीत जास्त पंधरा होते, कमीत कमी तीन. ज्याच्याकडून कसलाच प्रतिसाद नाही त्यालाही तीन गुण मिळतात, हे ऐकून नवख्याला नवल वाटते. पण प्रत्येक रकान्याची मोजणी एकापासून सुरू होते म्हणून तसे घडते.

या पद्धतीचे बळ तिच्या साधेपणात आहे. रात्रपाळीची परिचारिका आणि प्रमुख शल्यवैद्य दोघेही एकच गोष्ट पाहतात आणि एकाच शब्दात लिहितात. परंतु बेरीज हा एकच आकडा हाती धरला तर तो फसवितो. अपघातात ज्या मुलाच्या पापण्या सुजून मिटल्या आहेत त्याला डोळ्यांचा एक गुण दिला तर बेरीज उगीच खाली येते; मेंदूचा त्यात काही दोष नसतो. श्वासनलिकेत नळी घातलेल्या मुलाला बोलण्याचा गुण देताच येत नाही. म्हणून जाणकार मंडळी तिन्ही आकडे वेगवेगळे लिहितात आणि जे तपासता आले नाही तेथे तसे नमूद करतात. घाईच्या जागी बेरीजच तेवढी कळविण्याची सवय पुष्कळ दिसते. ती सोडलेली बरी.

हे मोजमाप मोठ्या माणसांसाठी झाले. बालकाच्या बाबतीत ते तसेच वापरले तर काय होईल? निरोगी, हसरे, पाच महिन्यांचे मूल सांगितलेले ऐकून हात उचलीत नाही आणि शब्द बोलत नाही. म्हणजे ते आजारी ठरेल. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथील सिम्प्सन आणि रायली या शल्यवैद्यांनी १९८२ साली यावर जो उपाय सुचविला तो विचारपूर्वक पाहण्यासारखा आहे. त्यांनी मुलांसाठी बोलण्याच्या पायऱ्या बदलल्या: ओळख ठेवून बोलणे, सुटे शब्द, नुसते आवाज, रडणे आणि काहीच नाही. त्याच्या जोडीला त्यांनी वयाचे परिमाण दिले. त्यांच्या पद्धतीत एकूण गुण चौदा. पण जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या निरोगी बालकाची अपेक्षित बेरीज नऊच धरावयाची, सहा महिने ते एक वर्ष या वयात अकरा, दुसऱ्या वर्षात बारा, दोन ते पाच वर्षांपर्यंत तेरा आणि त्यापुढे पूर्ण चौदा. एकाच नऊ या आकड्याचा अर्थ तान्ह्यात 'सर्व ठीक' आणि सहा वर्षांच्या मुलात 'मोठे संकट' असा होतो.

पुढे बालकांसाठी जे तक्ते रूढ झाले त्यांतील काहींत तर आणखी एक शब्द आला आहे, तो म्हणजे 'नेहमीचे'. मूल नेहमीच्या इतके हुंकार देते, बडबडते, शब्द बोलते तर पूर्ण गुण. नेहमीपेक्षा कमी बोलते किंवा चिडून रडते तर एक गुण कमी. आता मुलाचे नेहमीचे वागणे वैद्याला कोठून ठाऊक असणार? त्याने ते मूल आयुष्यात प्रथमच पाहिलेले असते. नेहमीचे काय ते आईला ठाऊक, आजीला ठाऊक, त्याला दिवसभर कडेवर वागविणाऱ्या थोरल्या बहिणीला ठाऊक. वाग्भटाचा जो प्रश्नाचा मार्ग बंद झाला म्हणून आरंभी सांगितले, तो येथे दुसऱ्या दाराने उघडतो.

याहून पुढचे पाऊल आफ्रिकेत टाकले गेले. मलावी देशातील ब्लॅन्टायर शहरात मेंदूवर गेलेल्या हिवतापाने बेशुद्ध झालेली लहान मुले मोठ्या संख्येने येत. मॅल्कम मॉलिनो, टेरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १३१ मुलांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला आणि त्यासाठी पाचच गुणांचे एक छोटे मोजमाप तयार केले. वेदना कोठे होते तिकडे हात नेणाऱ्याला दोन, नुसते अंग काढून घेणाऱ्याला एक. योग्य प्रकारे रडणाऱ्याला दोन, कण्हणाऱ्याला एक. पाचवा गुण डोळ्यांचा. तो कशाला द्यावयाचा? मुलाची नजर आईच्या चेहऱ्यामागे फिरते काय, हे पाहून. यंत्रसामग्री तुटपुंजी असलेल्या दवाखान्यात, मूल कोणत्याही भाषेच्या घरातले असो, ही परीक्षा करता येते; आई मात्र खाटेशी असावी लागते. मुलाजवळ गर्दी नको म्हणून आईला दाराबाहेर बसविण्याची पद्धत ज्या दवाखान्यांत असेल, त्यांनी या एका गुणाचा विचार करावा.

एकदा केलेली मोजणी थोडेच सांगते. चौदा गुण असलेले मूल दहावरून वर येत चौदावर पोहोचले असेल तर वैद्य निःश्वास टाकतो. तेच पंधरावरून चौदावर उतरले असेल तर त्याला स्वस्थ बसता येत नाही. म्हणूनच डोक्याला मार लागलेल्या रोग्याला देखरेखीखाली ठेवले असता किती वेळाने पाहावे याचेही नियम झाले. इंग्लंडमध्ये प्रचलित असलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे गुण पूर्ण पंधरा होईपर्यंत दर अर्ध्या तासाने नोंद करावयाची. पंधरा झाल्यावरही दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढे चार तास दर तासाने आणि त्यानंतर दर दोन तासांनी. मध्येच एखादा गुण घसरला तर पुन्हा अर्ध्या तासावर यावयाचे. एका गुणाची घसरण अर्धा तास टिकली तर वैद्याला तातडीने बोलवावयाचे, आणि हालचालीच्या रकान्यातील घसरणीला अधिक महत्त्व द्यावयाचे. शक्य तर दुसऱ्या कर्मचाऱ्याने पुन्हा पाहून खात्री करावी, असेही त्यात आहे. कारण पाहणाराही रात्री तीन वाजता थकलेला असतो. झोपलेल्या रोग्याला दर अर्ध्या तासाने उठविणारी परिचारिका नातलगांना निर्दय वाटते. पण निजलेले मूल हाकेने जागे होते आणि बेशुद्ध मूल होत नाही; हा भेद हाक मारल्यावाचून कळत नाही. जागृती, स्वप्न, सुषुप्ती ही विभागणी तत्त्वचिंतनासाठी केलेली आहे. रुग्णशय्येपाशी तिचा आधार घेऊन 'गाढ झोपला आहे, झोपू द्या' असे म्हणू नये.

गुणांच्या जोडीला आणखी काही गोष्टी पाहतात. विजेरीचा उजेड टाकून डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आकुंचन पावतात काय ते पाहावयाचे. कवटीच्या आत एका बाजूला रक्त साठून किंवा सूज येऊन दाब वाढला, तर बहुधा त्याच बाजूची बाहुली विस्तारते आणि उजेडाला दाद देईनाशी होते. ही खूण दिसण्यापूर्वीच सावध झाले पाहिजे, कारण ती उशिराची आहे. तशीच दुसरी उशिराची खूण अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिली: कवटीतील दाब फार वाढला की रक्तदाब चढतो, नाडी मंद होते आणि श्वास अनियमित होतो. धावणारी नाडी मंद झाली म्हणजे मूल शांत झाले, असा समज सहज होतो. मूल हाकेला उत्तर देत नसेल तर ती मंद नाडी शुभ नव्हे.

तान्ह्याच्या बाबतीत निसर्गाने एक खिडकी उघडी ठेवली आहे, ती टाळू. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. आपल्या घरांत न्हाऊ घालताना टाळूवर तेल भरतात; ज्या हाताने रोज तेल भरले त्या हाताला तिचा नेहमीचा मऊपणा ठाऊक असतो. मूल रडत नसताना, उभे धरलेले असताना टाळू फुगलेली व ताठ लागली तर आत दाब वाढल्याची शंका घ्यावी. हगवणीत ती खोल जाते, ते शरीरातील पाणी आटल्यामुळे. रडताना ती थोडी उचलली जाते, त्याने घाबरू नये. टाळू उघडी असल्यामुळे तान्ह्याच्या कवटीला थोडा अवसर मिळतो, आणि म्हणूनच आतला बिघाड बाहेर दिसावयास कधी कधी वेळ लागतो. अंगावर न पिणे, अकारण किरकिरणे, उलट्या आणि नजर न लागणे, एवढ्याच त्याच्या पहिल्या खुणा असू शकतात.

मातेचा शब्द पुरावा म्हणून धरावा काय, याची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेतील २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी करून नेथन कुपरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्या मुलाच्या डोक्याचे क्ष-किरणांचे सीटी छायाचित्र काढावे आणि कोणाला त्या किरणांपासून वाचवावे, हा त्यांचा प्रश्न होता; कारण महत्त्वाची इजा शेकडा एकाहूनही कमी मुलांत निघाली आणि छायाचित्र मात्र सुमारे एकतृतीयांश मुलांचे काढले गेले होते. दोन वर्षांखालील मुलांसाठी त्यांनी सहा गोष्टी पाहावयास सांगितल्या. शुद्धीत फरक, हाताला लागणारी कवटीची फट, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेले टेंगूळ, पाच सेकंद किंवा अधिक काळ शुद्ध हरपणे, अपघाताचा जोर, आणि सहावी गोष्ट ही की, मूल नेहमीसारखे वागत नाही असे आईबापांचे म्हणणे. सहांपैकी एकही नसेल तर गंभीर इजेची शक्यता अत्यल्प. 'आज याचे काही तरी वेगळेच आहे' हे आईचे वाक्य, ज्याला भीतीचे वाक्य म्हणून बाजूला सारण्याची सवय आहे, ते या यादीत कवटीच्या फटीच्या पंक्तीला बसले आहे.

मार लागण्याप्रमाणे तापही मुलाची शुद्ध हिरावतो, आणि त्याचा इतिहास आपल्या परिसराशी जोडलेला आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी तापाच्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू मिळाला. त्या गावाचेच नाव त्याला पडले. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात त्याने मेंदुज्वराची जी साथ आणली, तिच्यात नोंदलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा दिसला. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशभरात मेंदुज्वराच्या २४५ रोग्यांची नोंद झाली, ८२ मृत्यू झाले, आणि ६४ जणांत हाच विषाणू निश्चित झाला. हैदराबाद आणि बडोद्याच्या बाजूच्या श्रोत्यांना हे नाव म्हणून अपरिचित नसेल. वालुमाशीच्या चावण्याने पसरणाऱ्या या रोगावर खास औषध नाही. ताप, उलट्या, आकडी, गुंगी असा क्रम काही तासांत पुरा होतो आणि एकदोन दिवसांत मूल हाती राहात नाही. असा ज्वर चढत असताना 'सकाळी पाहू' म्हणण्यासारखा अवधी नसतो. आकडीला आवर, श्वासाची काळजी, रक्तातील साखरेची पूर्तता हे उपचार वेळीच मिळावे लागतात. साखरेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. बेशुद्ध मुलाच्या रक्तातील साखर खाली गेलेली असणे नवलाचे नाही, आणि ती पाहिल्यावाचून केलेली शुद्धीची मोजणी अपुरी होय.

घरच्या माणसांनी या गुणांच्या तक्त्याचा प्रयोग मुलावर करू नये. वेदना देऊन पाहणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे, चिमटे काढण्याचे नव्हे. घरी चार पायऱ्या लक्षात ठेवल्या तरी पुरे: मूल आपणहून जागे आहे, हाकेने जागे होते, हलविल्या-दुखविल्यावाचून जागे होत नाही, कशानेच होत नाही. दुसऱ्या पायरीवर नेहमीपेक्षा अधिक वेळ रेंगाळणाऱ्या मुलाला वैद्याकडे न्यावे आणि तिसरीवर गेलेल्याला वाहन मिळेल त्या वाहनाने न्यावे. डोक्यावर आपटलेल्या मुलाला झोपूच द्यावयाचे नाही, असा एक समज घरोघर आहे. थकलेले मूल झोपणारच. वैद्याने पाहून घरी पाठविल्यानंतर त्याला झोपू द्यावे, मधून मधून हाक मारून पाहावे, आणि पहिले दोन दिवस त्याला एकटे ठेवू नये. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एका हाताची वा पायाची दुर्बलता, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव, आकडी, यांतील काहीही दिसले तर परत न्यावे.

आकडी आली असता नाकाशी कांदा किंवा वहाण धरणे, दातांत चमचा घालणे, पाणी पाजणे, हे सारे टाकून द्यावे. मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे; पाच मिनिटांत ती थांबली नाही तर तो तातडीचा प्रसंग होय. वैद्याकडे गेल्यावर त्याला सांगावयाच्या गोष्टी वाटेतच मनाशी जुळवाव्यात, शक्य तर कागदावर लिहाव्यात: मूल पूर्णपणे नेहमीसारखे शेवटचे केव्हा होते, पडले असल्यास किती उंचीवरून आणि कशावर, पडताक्षणी रडले की काही वेळाने, उलट्या किती झाल्या, आकडी कोणत्या अंगाने सुरू झाली आणि किती वेळ टिकली, आणि मुलाला कोणते औषध दिले गेले आहे. ही माहिती ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याने द्यावी. बाप दवाखान्यात बोलतो आणि पाहणारी आजी घरी राहते, असे पुष्कळदा होते. त्या वेळी आजीलाच गाडीत बसवावे.